नंदनवन ते जामठा

माझ्या मुलीनं क्रिकेट खेळावं, यावर आमच्या घरात दुमत नाही. भांडण पुढच्या प्रश्नावर आहे. तिनं त्यावर पोट भरायचं ठरवावं का? दादा म्हणतो, बिनधास्त ठरवावं. ताई म्हणते, खेळू दे, पण पोटाची सोय दुसरीकडं ठेव. आमची माणसं ओळखणाऱ्याला वाटेल, नावांची अदलाबदल झाली. दादानं उभं आयुष्य बँकेत काढलं, खेळाशी संबंध टीव्हीपुरता. ताई मात्र विद्यापीठाकडून खेळलेली, विदर्भाच्या निवड चाचणीपर्यंत पोचलेली आणि नंतर शाळेत पीटी टीचर म्हणून केस पांढरे केलेली.

या उन्हाळ्यात प्रश्न ऐन गळ्याशी आला, कारण पोरीची दहावी झाली आणि अकरावीचा फॉर्म भरायचा होता. सायन्स घेऊन जेईईच्या क्लासला टाकायचं, की कॉमर्स घेऊन दुपार मोकळी ठेवायची? नागपूरच्या आमच्या नंदनवनात हा प्रश्न घरोघरी असतो, फक्त दुसऱ्या पारड्यात सहसा लेगस्पिन नसते. एका रविवारी सकाळी जगनाडे चौकातून तर्री-पोहे आणले, पोहे संपायच्या आत दोघं जुंपले, आणि मी फॉर्म बाजूला ठेवून ऐकत बसले.

दादानं सुरुवात केली ती थेट 2 नोव्हेंबर 2025 पासून. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, भारत 298, दक्षिण आफ्रिका 246, बावन्न धावांनी वर्ल्ड कप आपला. हे तो इतक्या वेळा सांगतो की आमच्याकडं कामाला येणाऱ्या बाईंनाही दीप्तीच्या पाच विकेट पाठ झाल्या आहेत.

"त्या रात्रीनंतर सगळं बदललं," तो म्हणाला. "क्रिकेट बोर्डानं 51 कोटी जाहीर केले. आपल्या सरकारनं स्मृती, जेमिमा अन् राधाला सव्वादोन-सव्वादोन कोटी दिले. मॅच फी तर 2022 पासूनच पुरुषांइतकी आहे. टेस्टला 15 लाख, वनडेला 6, टी-20 ला 3. अन् तू अजून पोट वेगळं ठेव म्हणून राहिली! सांगलीची स्मृती मुलींच्या लीगच्या पहिल्या लिलावात 3 कोटी 40 लाखांना गेली. नागपूर काय सांगलीपेक्षा लहान आहे?"

"तू फायनल पाहिली ना? मग व्हीलचेअर पाहिली असशील," ताई म्हणाली.

प्रतीका रावल. स्पर्धेत 308 धावा, न्यूझीलंडविरुद्ध शतक. बांगलादेशाविरुद्धच्या सामन्यात, उपांत्य फेरीच्या तोंडावर, क्षेत्ररक्षण करताना तिचा घोटा दुखावला आणि स्पर्धा संपली. सगळ्या पोरी मैदानात नाचत होत्या तेव्हा ही चाकांच्या खुर्चीत होती.

"तिच्या जागी कोण आलं ते बघ की," दादा तयारच होता. "शफाली! मूळ पंधरात नाही, घरगुती स्पर्धा खेळून राहिली होती. आली, फायनलला 87 काढल्या, वर दोन विकेट, सामनावीर. संधी अशी येते."

"एकीचा घोटा गेला म्हणून आली ना? मी तेच म्हणते. एका घोट्यावर दोघींचं नशीब फिरलं. त्या दोघी तरी वरच्या पंधरा-वीस जणींतल्या. तू आपल्या पोरीचा हिशेब तिथून का सुरू करतो? खालून सुरू कर."

ताईचा हिशेब असा. बोर्डाचा वार्षिक करार 2024-25 साली झाला तो सोळा जणींशी. अ गटाला 50 लाख, ब गटाला 30, क गटाला 10. अ गटात तिघी, ब गटात चौघी, बाकी नऊ क गटात. अख्ख्या देशातून सोळा. त्याखाली डब्ल्यूपीएल, म्हणजे मुलींची लीग. 2023 च्या पहिल्या लिलावात पाच संघांनी मिळून 87 जणी घेतल्या, त्यातल्या तीस परदेशी. उरल्या 57. त्यातही नवख्या पोरीची पायाभूत किंमत 10 किंवा 20 लाख, आणि बऱ्याच जणी तेवढ्यावरच गेल्या.

"आता तू मला मॅच फी सारखी झाली हे सांगू नको," तिनं पुढं ओढलं. "फी सारखी आहे, मॅच सारख्या आहेत का? मुलींच्या टेस्ट वर्षाला किती होतात? अन् लीगचं बोलशील तर ऋषभ पंत एकटा 27 कोटींना गेला. मुलींच्या अख्ख्या संघाची थैली आत्ता वाढून 15 कोटी झाली."

मला वाटलं, इथं दादा गप्प बसेल. पण पैशाच्या बाबतीत तो ताईपेक्षा मुरलेला आहे.

"थैली कुठून कुठं गेली ते सांग ना," तो म्हणाला. "12 वरून 15, तीन वर्षांत. पाच संघ विकले तेव्हा बोर्डाला 4,670 कोटी मिळाले, प्रक्षेपणाचे पाच वर्षांचे 951 कोटी वेगळे. एवढा पैसा लावणारे लोक काही महिला सबलीकरणाला निघालेले नाहीत. त्यांनी पुढचं पाहिलंय. मी चाळीस वर्षं कर्जं मंजूर केली, मला धंद्याचा वास येतो. राहिली गोष्ट सोळा जागांची. यूपीएससीत किती जागा असतात? आपल्या गल्लीतले किती पोट्टे पुण्याला जाऊन पाच-पाच वर्षं घालवून आले? त्यांना कोणी म्हटलं का, पोट वेगळं ठेव म्हणून?"

हा मुद्दा मला पटला, आणि ताईलाही पटलेला दिसला, कारण तिनं उत्तर द्यायच्या ऐवजी मोना मेश्रामचं नाव काढलं.

आमच्या घरात मोनाचं नाव निघालं की वाद संपत नाही, सुरू होतो. दोघंही तिला आपापला साक्षीदार मानतात.

मोना मेश्राम नागपूरची. 1991 चा जन्म. विदर्भाकडून खेळत वर आली, 2012 मध्ये भारताकडून पदार्पण, 2013 आणि 2017 असे दोन वर्ल्ड कप. 2017 च्या जूनमध्ये टाँटनला वेस्ट इंडीजविरुद्ध 184 धावा हव्या होत्या. सलामीची पूनम राऊत शून्यावर गेली, दीप्ती लवकर गेली. मग स्मृतीनं नाबाद 106 केल्या, मितालीनं 46. त्या मॅचच्या बातमीत ही दोन नावं असतात. पण विजयी धाव निघाली तेव्हा स्मृतीच्या समोरच्या टोकाला नाबाद 18 वर उभी होती ती आमची नागपूरची मोना. लॉर्ड्सच्या फायनलला ती संघात होती, अकरात नव्हती. तो सामना आपण नऊ धावांनी हरलो.

"बघ," दादा म्हणाला, "नागपूरची पोरगी, दोन वर्ल्ड कप. अन् ते सुद्धा टीव्हीवर मुलींचं क्रिकेट फारसं दिसत नव्हतं त्या काळात. फायनल हरून आल्या तरी बोर्डानं एकेकीला 50 लाख दिले. आणखी काय पाहिजे तुला?"

"मला तिचा पगार कुठून यायचा ते पाहिजे," ताई म्हणाली. "रेल्वेतून. 2017 च्या पंधरा जणींत दहा जणी रेल्वेच्या होत्या. मिताली रेल्वेची, हरमनप्रीत तेव्हा रेल्वेची, पूनम राऊत रेल्वेची, मोना रेल्वेची. तू ज्याला क्रिकेटचं करिअर म्हणून राहिला, ती भारत सरकारची नोकरी होती. खेळणं त्या नोकरीतलं काम होतं."

इथं वाचकाला थोडं मागं नेते, कारण ताईच्या या वाक्यामागं चाळीस-पन्नास वर्षं आहेत. मुलींच्या क्रिकेटची संघटना 1973 मध्ये लखनौला नोंदली गेली, महेंद्रकुमार शर्मा यांच्या खटपटीनं. ती 2006 पर्यंत बोर्डापासून वेगळीच होती. म्हणजे तेहतीस वर्षं भारताच्या मुली टेस्ट खेळल्या, वर्ल्ड कप खेळल्या, 2005 मध्ये फायनलला गेल्या, आणि त्यांच्या मागं पैसा म्हणावा असा नव्हताच. 2005 च्या त्या वर्ल्ड कपमध्ये सामन्यामागं हजार रुपये मिळाले, हे मितालीनं स्वतः सांगितलं आहे. अशा काळात रेल्वेनं मुलींना नोकऱ्या दिल्या. माजी कर्णधार डायना एडल्जींनी त्यासाठी जिवाचं रान केलं. परिणाम काय झाला, तर वर्षानुवर्षं देशांतर्गत वनडे स्पर्धा रेल्वेनं जिंकली. दुसरं कुणी जिंकलं तर ती बातमी व्हायची. गावोगावच्या चांगल्या पोरी आपापल्या राज्याकडून तयार व्हायच्या आणि नोकरी लागली की रेल्वेकडून खेळायच्या. विदर्भानं वाढवायचं आणि रेल्वेनं न्यायचं, यात विदर्भाला काय मिळालं हा प्रश्न आम्ही फारसा विचारला नाही. पोरीला नोकरी लागली, याचाच आनंद मोठा होता.

ताईला ती नोकरी लागली नाही. तिच्या वेळचं ती फारसं बोलत नाही, पण कधी रंगात आली तर सांगते. मॅटवरच्या विकेट, सहा जणींत दोन बॅट, अनारक्षित डब्यात किटबॅगवर बसून केलेला रात्रीचा प्रवास, एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून मुक्काम. जाण्यायेण्याचा खर्च बाबांचा. एका चाचणीला ती तापात गेली, तीन षटकं टाकली, यादीत नाव आलं नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. यात कोणी खलनायक नाही, असं तीच म्हणते.

"म्हणूनच मी म्हणते," ती दादाला म्हणाली, "मोनाचा हिशेब नीट मांड. 2023 मध्ये डब्ल्यूपीएल आली तेव्हा ती 31 ची झाली होती. त्या 87 नावांत तिचं नाव नव्हतं. दोन वर्ल्ड कप खेळलेली पोरगी, पण जेव्हा पैसा आला तेव्हा वय निघून गेलं होतं. तिच्या हाती काय राहिलं? नोकरी."

"अन् ती नोकरी कशानं लागली? क्रिकेटनं!"

"हो. पण आता ती तरी आहे का? 2025 च्या वर्ल्ड कपवाल्या मुलींत रेल्वेच्या किती होत्या माहीत आहे? तीन. प्रतीका, रेणुका अन् स्नेह राणा. दहावरून तीन."

दादा उठून उभा राहिला. तो उभा राहिला की समजावं, हातात हुकमाचं पान आलंय.

"तीन झाल्या कारण बाकीच्यांना गरज राहिली नाही! हेच तर मी कधीचा सांगून राहिलो. आधी नोकरीच्या आधारानं खेळ चालायचा. आता खेळाचा आधार खेळालाच होऊन राहिला. अन् मी सोळा जणींचं म्हणत नाही. सोड त्या सोळा. मी विदर्भाच्या साध्या पोरीचं सांगतो."

आणि त्यानं पोह्यांच्या कागदावर मांडलं. बोर्डानं डिसेंबर 2025 मध्ये मुलींच्या घरगुती सामन्यांची फी वाढवली. वरिष्ठ गटात अकरात असलेल्या पोरीला दिवसाला आधी 20 हजार मिळायचे, आता 50 हजार. राखीव असेल तर 25. टी-20 ला अकरात असेल तर 25 हजार. ज्युनिअर गटालाही अकरात 25 हजार. हिशेबापुरते मोसमात सात वनडे आणि सात टी-20 धरले, तर साडेतीन लाख अधिक पावणेदोन लाख. सव्वापाच. वर चार दिवस आणखी कुठं निवड झाली तर तेवढी भर.

"सव्वापाच लाख," तो म्हणाला, "कोणत्याही लिलावाशिवाय. टीव्हीवर न दिसता. केडीकेमधून इंजिनिअर झालेल्या पोराला पहिली नोकरी केवढ्याची लागते ते विचार जरा आपल्या गल्लीत."

ताई कागद बघत राहिली. मला वाटतं, वादात त्या दिवशी खरी हलली ती इथं. ताईचं गणित बरोबर होतं, फक्त ते जुन्या दरानं मांडलेलं होतं. वीस हजारांच्या दरानं तेच सात वनडे एक लाख चाळीस हजारांचे होत होते. त्यात वर्षभराचा सराव, फिजिओ, बॅट, बूट धरले की हातात काही उरत नव्हतं. शिखरावर किती पैसा आहे याची मोजदाद करून पोरीचं भविष्य ठरत नाही, हे ताईचं म्हणणं मला मान्य आहे. ते मधल्या पायरीवर ठरतं. भारताकडून कधीच न खेळणाऱ्या, पण दहा वर्षं विदर्भाच्या अकरात असणाऱ्या पोरीचं काय होतं, हे विचारावं. आजवर याचं उत्तर होतं, नोकरी लागली तर बरं, नाहीतर लग्न. आता पहिल्यांदाच त्या पायरीवर उभं राहण्यापुरते पैसे आले आहेत. माझा कल या बाबतीत दादाकडं झुकतो, जरी तो ज्या कारणांनी तिथं पोचला ती बहुतेक टीव्हीची आहेत.

पण ताई सहज हार मानणारी नाही.

"अकरात असली तर," ती म्हणाली. "तुझ्या कागदावर 'अकरात' हा शब्द किती सहज लिहिलास. विदर्भातून किती पोरी येतात? अमरावतीच्या आहेत, अकोल्याच्या, यवतमाळच्या, चंद्रपूरच्या. अकरात जागा अकराच. एक वर्ष खांदा गेला तर? वरिष्ठ गटाचा पगार नसतो, दादा. मॅच खेळली तर पैसे. मॅच नाही, पैसे नाही. तुला बँकेत आजारपणाची रजा होती."

"भारती फुलमाळीचं काय मग?"

हे नाव दादानं घेतलं, पण ताईनंही ते जपून ठेवलं असावं. अमरावतीची भारती फुलमाळी मार्च 2019 मध्ये गुवाहाटीला इंग्लंडविरुद्ध टी-20 खेळली. दोन सामने, आणि मग नाव मागं पडलं. 2023 च्या पहिल्या डब्ल्यूपीएलमध्ये ती नव्हती. 2024 मध्ये हरलीन देओल जखमी झाली म्हणून गुजरात जायंट्सनं तिला मध्येच बोलावलं. 10 मार्च 2025 ला ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध ती मैदानात आली तेव्हा सामना हातातून गेलेला होता. तिनं 25 चेंडूंत 61 मारल्या. गुजरात नऊ धावांनी हरली, पण त्या वर्षअखेरच्या लिलावात गुजरातनं 70 लाख मोजून तिला आपल्याकडं राखलं. वय तेव्हा एकतीस.

"बघ," दादा म्हणाला, "तिशी उलटल्यावर पैसा आला. आता वय निघून जात नाही."

"तू ते 70 लाख बघतो. मी 2019 ते 2024 बघते," ताई म्हणाली. "ती मधली पाच वर्षं तिनं कशी काढली असतील? रोज सकाळी उठून नेटला जायचं, कोणी फोन करत नाही, वनडेला फार तर वीस हजार. अन् शेवटी दार उघडलं ते पुन्हा कुणाच्या तरी दुखापतीनं. अशी पाच वर्षं तुझी भाची काढेल का? तुला माहीत आहे? मला नाही."

"तिला विचारा की," मी म्हणाले. पोरगी तेव्हा गच्चीवर होती. भिंतीवर खडूनं काढलेल्या चौकोनात टेनिस बॉल टाकत होती. तो आवाज आम्हाला खाली बसून ऐकू येत होता, पण तिला कोणी हाक मारली नाही. पंधरा वर्षांच्या पोरीला पाच वर्षांची वाट विचारायची म्हणजे काय विचारायचं, हे बहुधा तिघांनाही सुचलं नाही.

या सगळ्यात एक खर्च दोघांपैकी कोणीच धरत नाही, म्हणून तो मी सांगते. नंदनवनात पोरांना खेळायला ले-आउटच्या मोकळ्या जागा आहेत, आणि त्या पोरांच्याच आहेत. पाच वाजता तिथं गेलं की दोन-तीन मॅच एकाच वेळी चालू असतात, कोणत्या बॉलरचा बॉल कोणत्या बॅट्समनला हे त्यांचं त्यांना कळतं. माझी पोरगी तिथंच सुरू झाली. आधी फिल्डिंगला, मग एक ओव्हर, मग तिच्या लेगस्पिनवर दोन थोराड पोट्टे स्टंप झाल्यावर सगळे तिला आपल्या बाजूला मागू लागले. पण बारा-तेरा वर्षांची झाल्यावर ते संपलं. कोणी मनाई केली नाही. पोरं मोठी झाली, ती मोठी झाली, आणि आजूबाजूच्या खिडक्यांना डोळे फुटले. मग लेदर बॉल, अकॅडमी, आणि माझी अॅक्टिव्हा.

इथून सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर जायचं म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. जामठ्याचं स्टेडियम तर वर्धा रोडवर पार गावाबाहेर. मेट्रो खापरीपर्यंत जाते आणि जामठा त्याच्याही पुढं. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळिशी गाठतो, म्हणून सराव पहाटे. पहाटेचा सराव म्हणजे मी साडेचारला उठणार. तिच्या बाबांची ड्युटी वेगळी. माझी नोकरी मी अर्धवेळ केली, आणि ते कुणी मला सांगितलं नव्हतं. ज्या घरात गाडी चालवायला रिकामं माणूस नाही, त्या घरची लेगस्पिनर या शहरात कुठवर पोचेल? हसनबागेच्या पलीकडं, वाठोड्याला, खरबीला अशा पोरी नसतील असं मला वाटत नाही. निवड चाचणीत त्या दिसत नाहीत, कारण चाचणी सकाळी सातला शहराच्या दुसऱ्या टोकाला असते. दादाच्या कागदावर आणि ताईच्या यादीत त्यांची नावं नाहीत, आणि मला वाटतं, विदर्भाला पुढची मोना हवी असेल तर आधी हा प्रवास कोणाला तरी सोडवावा लागेल. पोरींसाठी पूर्व नागपुरात एक बरी टर्फ विकेट आणि सकाळची एक बस, एवढ्यानं बरंच काम होईल. असो. हे माझं रडगाणं झालं.

जामठ्याला आम्ही एकदा सगळे मिळून गेलो होतो. 6 एप्रिल 2018, भारत-इंग्लंड, मुलींची वनडे. पोरगी तेव्हा लहान होती, ताईच्या मांडीवर बसून पाहत होती. मितालीची ती 192 वी वनडे होती, म्हणजे शार्लट एडवर्ड्सला मागं टाकून सगळ्यात जास्त सामने खेळण्याचा विक्रम तिनं आमच्या नागपुरात केला. 208 हव्या होत्या, स्मृतीनं 86 काढल्या, आणि तरीही शेवटची जोडी मैदानात असताना कसाबसा विजय मिळाला. एक विकेट राखून. येताना गाडीत ताई रडली होती. मला वाटलं, जिंकल्याच्या आनंदानं. आता वाटतं तसं नसावं, पण विचारलं नाही.

त्या रविवारी वाद शेवटी कागदपत्रांवर आला, कारण ताई मुळात शिस्तीची बाई आहे.

"तू खेळाडू कोट्याची जाहिरात वाचलीस कधी?" तिनं दादाला विचारलं. "रेल्वेत लेव्हल चार-पाचला पदवी लागते. दोन-तीनला बारावी. दहावीवर फक्त लेव्हल एक. म्हणजे भारताकडून खेळली तरी डिग्री नसेल तर खालच्या खुर्चीवर बसायचं. मी खेळू नको म्हणत नाही. मी म्हणते, बी.कॉम. पूर्ण झालं पाहिजे. रेल्वे असो की बँक, कागद हातात पाहिजे."

"मी तरी कॉमर्सच म्हणून राहिलो ना! सायन्स घेतलं तर दुपारभर क्लासात जाईल."

"मग भांडतो कशाला?"

"तू म्हणते पोट वेगळं ठेव म्हणून!"

"तेच म्हणून राहिले अजूनही."

मग मी दादाला म्हणाले, तुझा इतका विश्वास आहे तर पाच वर्षं तिचं किट तुझ्याकडं. चांगली इंग्लिश विलोची बॅट तीस-चाळीस हजारांच्या खाली येत नाही, स्पाइक्स वर्षभर टिकत नाहीत. दादानं एक क्षणही घेतला नाही, हो म्हणाला, पण बँकेतला माणूस, लगेच अट घातली. तिनं पहिली मॅच फी मिळाली की स्वतःच्या नावानं खातं उघडायचं आणि त्यातून बॅट स्वतः घ्यायची. ताईनंही अट घातली. रोजच्या सकाळच्या नेटमधून तिला आठवड्यातले दोन दिवस सुट्टी द्यायची आणि ते दोन दिवस बारावीपर्यंत कोणी मागायचे नाहीत, कोचनंही नाही.

पोरगी घामाघूम होऊन खाली आली, पाणी प्यायली. अटी ऐकल्यावर तिनं एकच विचारलं, सुट्टीचे दोन दिवस कोणते. मंगळवार आणि शुक्रवार म्हटल्यावर म्हणाली, शुक्रवार नको, शुक्रवारी अकॅडमीत सीनिअर दीदींच्या मॅच असतात, त्यांना बॉलिंग टाकायला मिळते. ताई म्हणाली, मग बुधवार. मी फॉर्मवर कॉमर्स भरलं, पहिल्या पसंतीला नंदनवनच्या जवळचं कॉलेज टाकलं, आणि दादा उरलेल्या तर्रीत पाव बुडवत ताईला पुन्हा सांगू लागला, की त्यानं फायनलला शफालीच्या हातात बॉल दिला तेव्हाच ओळखलं होतं.

"तू दिला होतास का बॉल?" ताई म्हणाली.